कळंबाला पान फुटेपर्यंत

माझं लग्न एका रोपावर अडलं होतं. मुलगा पसंत होता, पत्रिका जुळली होती, त्याची माणसं तंजावुरच्या राजवाड्यामागच्या आमच्याच जुन्या गल्लीतली, म्हणजे घरात मराठी बोलणारी आणि बाजारात तमिळमध्ये भांडणारी. मला तो आवडला होता हेही सांगून टाकते. पण अप्पांनी, माझ्या वडिलांनी, अट घातली. नव्या घरापुढे लावलेल्या कळंबाला नवं पान फुटलं की तारीख धरायची. नाही फुटलं तर लग्न नाही.

हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते सांगते. आमचं देवक कळंब. लग्नाआधी कळंबाची फांदी आणून मांडवात देवक बसवायचं, हा रिवाज आमच्या लोकांनी तंजावुरात येऊन इतक्या पिढ्या उलटल्या तरी सोडला नव्हता. देवनागरी वाचता येत नाही अशी घरंसुद्धा देवक विसरली नव्हती. गल्लीच्या तोंडाशी एक जुना कळंब होता, सगळ्यांच्या लग्नांना फांदी त्याचीच. मग ती वर्षं आली, जेव्हा ज्याला त्याला रस्त्याकडेला शटरचं दुकान हवं झालं. कळंब गेला आणि तिथं रंगीत टीव्हीचं दुकान आलं.

त्यानंतरचं घरातलं पहिलं लग्न अक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं. अप्पांनी "उंबर काय नि कळंब काय, भाव महत्त्वाचा" म्हणत देवळामागच्या उंबराची फांदी आणली आणि वेळ मारून नेली. वर्षाच्या आत अक्का सेलमच्या सासरहून एक सूटकेस घेऊन परत आली. "मी तिकडं जात नाही," एवढंच म्हणाली. का, ते कोणी विचारलं नाही. विचारण्याआधीच अप्पांनी उत्तर शोधून ठेवलं होतं: फांदी चुकली. हे वाक्य आमच्याकडे आमटीभातासारखं रोज पानात पडायचं. अक्का मान खाली घालून जेवायची.

अप्पा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि गावाबाहेर, भाताच्या शेतात रंगवलेले दगड रोवून प्लॉट पाडलेल्या एका नव्या नगरात आम्ही घर बांधलं. जूनमध्ये बागेसाठी रोपं आणायला चौघं टाउन बसनं गेलो. रोपवाटिकावाला सगळ्या नव्या घरांना खपवायचा तेच आम्हालाही खपवू बघत होता: रंगीबेरंगी क्रोटन आणि खांबासारखे सरळसोट अशोक. आईला मागच्या बाजूला शेवगा, केळ, कढीपत्ता हवा होता. मी अबोली आणि मोगरा धरून बसले. अप्पांनी दोन कळंब निवडले, प्रत्येक पान उलटून बघत, जणू जावईच निवडत होते.

"कुंपणाला काय?" अप्पांनी विचारलं, आणि कधी नव्हे ते अक्का बोलली.

"काट्यांचं घ्या, अप्पा. कोडुक्कापुळी."

कोडुक्कापुळी म्हणजे विलायती चिंच. दाट लावली की मांजरसुद्धा आत शिरत नाही.

"घर आहे की शेळ्यांचा गोठा?" अप्पा सगळ्यांसमक्ष ओरडले. "लग्नाचं घर आपलं. मेंदी लावू या. हिच्या हातालाही होईल."

अक्कानं त्या काटेरी रोपाची पिशवी उचललेली होती. ती तिनं थोडा वेळ हातातच धरली आणि मग जागेवर ठेवली. मला त्या वेळी तिचा रागच आला. म्हटलं, हिला माझ्या लग्नातही काटेच दिसतात.

आई म्हणाली, "अहो, आता लावू नका. वारा बघा कसा सुटलाय. ऐप्पसीतला पाऊस येऊ द्या."

"मृगात लावायचं," अप्पा म्हणाले. "माझा आजा मृगात लावत होता, त्याचा बापही मृगात लावत होता."

आता कळतं, ती आमच्याच लोकांना शोभणारी चूक होती. मृग आमच्या पूर्वजांनी देशावरून येताना बरोबर आणला, पण इथं मृगात पाऊस कुठला? कोरडा वारा असतो. खरा पाऊस ऐप्पसीत, दिवाळीच्या सुमाराला. तरीही आमची झाडं जगत आली, कारण नेमकं मृगाच्याच आसपास कावेरीचं पाणी कालव्यांत खेळायचं आणि विहिरी भरायच्या. आमची चूक नदी झाकत होती आणि श्रेय आम्ही नक्षत्राला देत होतो. त्या वर्षी वरच्या धरणातून पाणीच सुटलं नाही.

शेतातली माती भेगाळली. नगराच्या टोकाला एक हातपंप होता, तिथं बायकांची रांग आणि भांडणं. मी आणि अक्का प्लॅस्टिकच्या कुडमांतून, म्हणजे घागरींतून, पाणी आणायचो. आधी पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, मग कळंबाचं. लग्न ठरलेल्या मुली केळवणं खात हिंडतात. मी कमरेवर कुडम घेऊन झाडाची मनधरणी करत होते. मोगरा गेला, अबोली गेली. मेंदी तेवढी गुडघ्याएवढी तग धरून राहिली. अप्पा रोज सकाळी चष्मा लावून कळंबापुढे बसायचे. त्यांचा चेहरा बघून आई कॉफी द्यायची की नाही ते ठरवायची.

एक कळंब आडी महिन्यात, आषाढ-श्रावणाच्या सुमाराला, वाळला. दुसऱ्याची साल मी नखानं खरवडून बघितली, आत हिरवं होतं. ते हिरवं बघून मला रडू आलं.

मग मुलाची आई आली. कॉफी अर्धी ठेवून म्हणाली, "दसऱ्याच्या आत सांगा. आमच्याकडं दुसरीकडूनही विचारतात." ती गेल्यावर मी अप्पांना म्हटलं, "झाडाला विचारून मुली देतात का कोणी?" अप्पा म्हणाले, "न विचारता एक दिली. बघतेस ना?" अक्का तिथंच तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

त्याच आठवड्यात एका सकाळी अप्पांनी स्वतःच साल खरवडली. आत तपकिरी, कोरडं. ते उठले, खुंटीवरचा शर्ट काढला आणि आईला म्हणाले, "गल्लीत जाऊन येतो. नाही म्हणून सांगतो. देवाचं मन नाही."

आई चूल सोडून दारात आली. मी मात्र ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. अप्पांनी एका बाहीत हात घातला. तेवढ्यात अक्का जाऊन फाटकाला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला हो गे."

"फांदीनं मज मारलं नाही, अप्पा," अक्का म्हणाली. "त्यानं मारलं."

अप्पांची दुसरी बाही लोंबतच राहिली.

"सेलमला रोज मारायचा. पट्ट्यानं. उंबराची फांदी आणली म्हणून नव्हे, सांबार निवलं म्हणून." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. "आणि तो इथं येऊन गेला. तुम्ही सगळी देवळात गेला होता तेव्हा. ती मेंदी ओलांडून आला. मी न्हाणीघरात कडी लावून बसले. तो कंटाळून गेला."

"मग सांगितलं का नाहीस?" अप्पा म्हणाले.

"तुम्ही विचारलं कोठं? तुमाला फांदी सापडली होती ना."

आई तिच्याकडे धावली. अप्पा पायरीवर बसले, एका बाहीत हात घातलेले, आणि त्या वाळल्या काटकीकडे बघत राहिले. त्यांची इतकी चीड आली होती, तरी त्या क्षणी मला त्यांच्याकडे बघवेना. ते त्या दिवशी गल्लीत गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले आणि तारीख धरून आले, तै महिन्यातली, संक्रांतीनंतरची. देवकाला फांदी कुठून आणली ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

पण त्याआधी ऐप्पसीचा पाऊस आला. पहिली झड ओसरल्यावर अप्पा कुणाला न सांगता टाउन बसनं गेले आणि ऑटो भरून विलायती चिंचेची रोपं घेऊन आले. काट्यांनी त्यांचे हात ओरबाडले होते. रस्त्याच्या बाजूची मेंदी त्यांनी स्वतः उपटली. मग खड्डे करायला बसले आणि चिखलातूनच अक्काला हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला काही विचारलं.

"किती उंच वाढवायचं, बाळे?"

अक्का पदर खोचून त्यांच्या शेजारी बसली आणि एक रोप हातात घेतलं.

"त्याच्याहून उंच," ती म्हणाली.