पुढे तोंड करून केलेली रोवणी

"ह्या बाया पुढं चालून रोवून राह्यल्या," आई म्हणाली. कोणाला उद्देशून नव्हे. हातातल्या चहाच्या कपाला सांगावं तसं.

मामा हसला. "बाई, तुई रोवणी संपली नाई का अजून? पिक्चर पाय ना."

मामीही हसली. आईने चहा प्यायला.

रविवारची दुपार होती. मामा गडचांदूरला सिमेंट कारखान्यात आहे. त्याच्या क्वार्टरमध्ये नवा मोठा टीव्ही आला होता आणि त्यावर पाहायला त्याने एका सामुराई चित्रपटाचा दोन डीव्हीडींचा संच आणला होता. खोक्यावर उठावाची तलवार होती. आई गावाहून दोन दिवसांसाठी आली होती. आमचं गाव नागभीडकडे. तिथे तलावाच्या पाण्यावर धान पिकतो आणि आईने जन्मभर रोवणी, म्हणजे भाताची लावणी, केली आहे, आधी घरच्या धानाच्या बांधीत, मग दुसऱ्यांच्याही शेतात. मी मात्र पाचवीपासून मामाकडे राहून इथल्या इंग्रजी शाळेत शिकले. मैत्रिणींनी विचारलं की सांगायचे, आई घरीच असते. मामाच्या घरात मी कधी उलट बोलले नाही.

चित्रपट वाईट होता असं म्हणता येत नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला. चिलखताच्या दोऱ्यांचे रंग वेगळे, प्रत्येक सरदाराची बसण्याची ढब वेगळी. तलवार घडवण्याचा प्रसंग इतका सावकाश घेतला होता की लोखंड तापताना आपलेही गाल गरम व्हावेत. हिंदी आवाज ओठांशी जुळत नव्हते, पण ते चालून जात होतं. हरलेला योद्धा एका खेड्यात लपतो. तिथे बायका पऱ्हे, धानाची रोपं, रोवत होत्या. सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. हातातली काडी पुढच्या चिखलात खोचायची आणि तिच्यावरच पाय देऊन पुढे सरकायचं. कोणाच्या पोटरीला चिखल नव्हता. एकीने मान वर करून गोड हसून घेतलं. रोवणीत मान वर करायला आईला वेळ मिळालेला मी पाहिला नव्हता.

पुढे ते पीक लोंबीत आलं आणि लढाई नेमकी त्याच शेतात झाली. घोडे आडवे, उभे, पुन्हा आडवे धावले. योद्ध्याची तलवार मोडली तेव्हा तो गुडघ्यावर बसून रडला आणि बासरी वाजली. मामीने डोळ्यांना पदर लावला. आडव्या झालेल्या धानाकडे त्या अख्ख्या गावातलं कोणी पाहिलं नाही. आईने एकदाच तोंडाने चुक् केलं. मामाने आवाज वाढवला.

चित्रपट संपला तसा मामाने दुसरी डीव्हीडी लावली. "यात शूटिंग कशी केली ते दाखवते. इंग्लिशमधी हाये. तू सांग आमाले."

म्हणून मी सांगत गेले. तलवार कशी धरायची हे शिकवायला एक म्हातारे गुरू आणले होते. नुसती मूठ नीट बसावी म्हणून नटांनी कित्येक महिने घालवले. मामा मान डोलवत होता. "पाय, याले म्हणते मेहनत."

मग दिग्दर्शक शेताबद्दल बोलू लागला. मी थांबले.

"काय म्हणते तो?" आईने विचारलं.

न सांगता पुढे जाता आलं असतं. "म्हणते, शेत खरं वाटावं म्हणून खराच धान लावला होता. लोंबीत येईपर्यंत थांबले, अन् मग घोडे सोडले."

"खरा होता?" आई म्हणाली. "मंग आधी कापून काऊन नाई घेतला?"

मामाने टाळी वाजवली. "आता हे आमच्या बाईनं सांगाव त्याले. बाई, तू जा तिकडं. डायरेक्टर होशीन."

सगळे हसले. आईसुद्धा हसली, आणि ते मला बघवेना. शाळेत पालकसभेला ती काही बोलली आणि मी जमिनीकडे पाहत राहिले होते, तेव्हाही ती अशीच हसली होती. कप गोळा करून ती स्वयंपाकघराकडे निघाली.

या मामानेच मला एका दिवाळीत सांगितलं होतं की लहानपणी रोवणीत पऱ्ह्यांच्या पेंढ्या तो फेकायचा. बाई, म्हणजे माझी आई, मागे मागे सरकत यायची आणि हात मागे नेला की पेंढी तिथे हवी, नाहीतर शिव्या. म्हणजे त्याला माहीत होतं. चित्रपटवाल्यांना माहीत नसेल, असं मी तोवर धरून चालले होते.

पण दिग्दर्शक बोलत होता तेव्हा त्याच्या खांद्यामागे तेच शेत दिसलं, अजून चिखलाचं, लढाईच्या कितीतरी आधीचं. त्यात सहा-सात म्हाताऱ्या बायका होत्या, गावातल्याच असाव्यात, कमरेत वाकलेल्या, कॅमेऱ्याकडे पाठ. त्या रोवत होत्या आणि पाठीमागे, आमच्या दिशेने, सरकत येत होत्या. पुढे हिरव्या ओळी तशाच उभ्या राहत होत्या. म्हणजे याने पाहिलं होतं. खऱ्या बायकांकडून शेत लावून घेतलं, मग चेहरे दिसावेत म्हणून नट्यांना उलटं फिरवलं. तलवारीची मूठ शिकवायला गुरू होता. या बायकांना विचारायला एक माणूस नव्हता.

मी मामाच्या हातातून रिमोट घेतला. असं मी त्या घरात कधी केलं नव्हतं. थोडं मागे नेऊन चित्र थांबवलं.

"काय झालं?" मामा म्हणाला.

आई दारात थांबली होती, हातात कप.

"आई, इकडं ये, पाय," मी म्हणाले. "मामा, तुमीबी पाहा. ह्या मागं चालून राह्यल्या. आई बरोबर सांगून राह्यली होती, अन् तुमाले मालूम होतं. हिच्या मागं पेंढ्या तुमीच फेकत होते."