संगणकाच्या पोटातला संगणक

गल्लीत त्यांना सगळे कानवाले म्हणत. श्रवणयंत्रं विकायची, तपासायची, ज्याच्या त्याच्या कानाला जुळवून द्यायची, हे त्यांचं काम. हात कसबी, पण स्वभाव असा की शिकायची वेळ आली की यांच्या कपाळाला आठी.

गल्लीत शिवण शिकवणाऱ्या बाईंचं श्रवणयंत्र जुनं, आणि ते संगणकावरून जुळवायचा प्रोग्रॅम त्याहून जुना. दुकानातल्या नव्या संगणकावर तो चालेना. "आता होणार नाही, नवीन यंत्र घ्या," असं कानवाल्यांनी सांगून टाकलं. बाईंनी नवीन यंत्र आठवडाभर वापरलं. माणसं डब्यात बसून बोलल्यासारखी वाटतात म्हणाल्या आणि परत केलं; जुनंच, न जुळवलेलं, कानात घालत राहिल्या. या गोष्टीला तीन वर्षं झाली.

मग एका सकाळी बाईंचे यजमान एकटेच दुकानात आले.

"ओरडून ओरडून थकलो हो," ते म्हणाले. "हल्ली आम्ही घरात बोलतच नाही."

हे कानवाल्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला. ती संगणकातलीच नोकरी करते.

"अरे दादा, आहे त्या संगणकाच्या पोटात एक खोटा संगणक उभा करायचा. व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यात जुनी सिस्टीम टाक, तुझा प्रोग्रॅम चालेल. दुपारभराचं काम!"

दुपारभराचं काम! कानवाल्यांचं तोंड उतरलं ते उतरलंच.

जेवण उरकून ते बसले. खोट्या संगणकाला चार जीबी मेमरी दिली, वीस जीबीची डिस्क दिली, जुन्या सिस्टीमची सीडी लावली. निळा पडदा आला आणि त्यावर सूचना: या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. कानवाल्यांनी माउसवरचा हात काढला. सगळ्या पेशंटच्या नोंदी याच संगणकात! अर्धा तास ते नुसते पाणी पीत बसले. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. डिस्क वीस जीबीची होती. खरी तर पाचशेची! म्हणजे पुसली जाणार ती मघाशी आपणच दिलेली, कोरी. त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं.

पुढे खोट्या संगणकाला यंत्राची वायर दिसेना. मेनू धुंडाळून ती त्याच्या हवाली केली, तेव्हा कुठे प्रोग्रॅमने यंत्र ओळखलं.

दुसऱ्या दिवशी बाई आणि यजमान दोघं आले. कानवाल्यांनी यंत्र जोडून पडद्यावरच्या आवाजाच्या पट्ट्या एकेक करून जुळवल्या.

"येतंय का गं ऐकू?" यजमानांनी हळूच विचारलं.

"येतंय की. ओरडताय कशाला?"

यजमान हसले, आणि हसता हसता त्यांनी रुमाल काढला. बाई कानवाल्यांकडे वळल्या. "मग इतके दिवस का होत नव्हतं?"

कानवाले मान खाली घालून पुटपुटले, "होत होतं, बाई. मलाच येत नव्हतं, आणि मी शिकलो नाही."

"काय म्हणालात?"

त्यांनी दचकून पडद्याकडे पाहिलं. पट्ट्या सगळ्या जागच्या जागी होत्या. बाई त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं.

कानवाल्यांनी मान वर केली आणि तेच पुन्हा सांगितलं.