टिटवीकडे पाठ करून

तुमच्या घराजवळ समुद्र आहे, म्हणून तुम्ही दोघांनी परवा फोनवर विचारलंत, आजी पक्षी बघायला कुठल्या किनाऱ्यावर जाते? वर्धा जिल्ह्यात समुद्र कुठला! आमचा किनारा म्हणजे धरणाचा काठ, आणि तो दर आठवड्याला जागा बदलतो. होळी झाली की पाणी मागे सरकतं, गाळाची जमीन उघडी पडते. काठच्या गावातले लोक तिच्यात उन्हाळी मूग आणि टरबूज लावतात. पावसाळ्यात ती पुन्हा पाण्याखाली जाते. तेवढ्या महिन्यांत पक्षीही तिथेच अंडी घालतात.

गेल्या रविवारी दुपारी दोनला मी तिथे पोचले. रिक्षावाल्याला पाचला यायला सांगितलं आणि बाभळीखालच्या दगडावर बसून वही उघडली. चिखलात शेकाटे आपल्या लांब गुलाबी पायांवर तोल सांभाळत चालत होते. दूर पाण्यात चक्रवाकांची एकच जोडी उरली होती. ही नारिंगी बदकं हिवाळ्यात उत्तरेकडून येतात. बाकीची परत गेली होती, आणि हीही आज-उद्या जाणार, म्हणून खरं तर त्यांच्यासाठीच मी आले होते.

पण जवळच्या मुगात एक टिटवी ओरडू लागली. गेले बघायला. मुगाच्या एका ओळीत, घरट्याशिवाय नुसत्या जमिनीवर, चार अंडी होती. ढेकळांच्याच रंगाची, टोकं आत करून ठेवलेली. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत मला शिव्या देत होती. बांधावर डवरा पडलेला दिसला. डवरा म्हणजे ओळींमधलं गवत काढायचं बैलांचं अवजार. माझ्या मनात आलं, उद्या इथे बैल चालणार आणि अंडी चिरडणार.

जे महत्त्वाचं त्यावर खूण करायची, ही माझी जन्माची सवय. शाळेत इंग्रजी शिकवताना मुलांच्या वह्यांवर केली, घरी डब्यांवर केली. मी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, एक वाळकी काडी अंड्यांशेजारी रोवली, तिला माझा पांढरा रुमाल बांधला आणि परत दगडावर येऊन बसले. वहीत लिहिलं: टिटवी, अंडी चार, खूण केली. फार बरं वाटलं.

अर्ध्या तासानं टिटवीचा आवाज बदलला. दुर्बीण वळवली तर रुमालाजवळ दोन कावळे. मी उठेपर्यंत पाण्याच्या इंजिनाकडून एक बाई ढेकळं भिरकावत धावत आली. कावळे उडाले. मी पोचले तेव्हा अंडी तीन होती.

तिशी-पस्तिशीची ती बाई, शेताची मालकीण, कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हे फडकं तुमी बांधलं का जी?"

"हो. उद्या डवरा चालेल, बैलांच्या पायाखाली..."

"डवरणी परवाच झाली ना, बाई! हे ओळ सोडून देली आमी. दिसत नाई का?"

तेव्हा मला दिसलं. सगळं रान स्वच्छ होतं आणि त्या एका ओळीत वीतभर गवत उभं होतं. टिटवी बसली असेल तिथे डवरा उचलून पुढे टेकवायचा, ही त्यांची रीत. मी अंड्यांची टोकंसुद्धा पाहिली होती, पण गवत पाहिलं नव्हतं.

तिनं काडी उपटून रुमाल माझ्या हातात दिला. "कावळ्याले घराचा पत्ता लिहून देला तुमी. चार अंडे पाहून माह्या सासूनं गावभर सांगून टाकलं, यंदा चार महिने पाणी पडन. आता एक महिना तुमी कावळ्याले चारला. थे म्हातारी मले सोडन का?"

"सांग तिला, शहरातल्या एका म्हातारीनं घालवला."

"मंग तुमच्या दारात येऊन भांडन थे!" ती हसली. मला हसू आलं नाही.

ऊन सरळ अंड्यांवर पडत होतं. अशा उन्हात टिटवी अंड्यांवर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि त्यांना गार ठेवते. ती आली नाही तर तिन्ही अंडी तासाभरात उकडून गेली असती. आम्ही लांबच्या बांधावर जाऊन बसलो. टिटवी चार पावलं धावायची, थांबायची, परत मागे जायची. मी दुर्बीण उचलली.

"थे पह्यले खाली ठेवा. तुमी पाहून राह्यले तं कशी येईन थे? पाठ करून बसा."

"मग कळायचं कसं?"

"चूप झाली का बसली समजायचं."

तिनं एक छोटं टरबूज गुडघ्यावर आपटून फोडलं. आत फिकट गुलाबी, पिकायला अजून वेळ होता. आम्ही दोघी गावाकडे तोंड आणि पाण्याकडे पाठ करून ते खात बसलो. टिटवी कधी डावीकडे ओरडायची, कधी उजवीकडे. तिचा आवाज जवळ आला की मी चावायची थांबायची आणि लांब गेला की हातातली फोड तशीच राहायची. इतकी वर्षं पक्षी बघते, पण एखाद्या पक्ष्याकडे न बघण्याचं काम मला कोणी दिलं नव्हतं, आणि ते फार अवघड होतं.

मध्येच मागे पाण्यावर पंख फडफडले आणि चक्रवाकांची ती कर्ण्यासारखी हाक आली. जोडी उठली होती. आवाज डोक्यावरून उत्तरेकडे गेला. मी मान वर केली नाही.

त्यानंतर केव्हातरी टिटवी गप्प झाली. मी थोडा वेळ थांबले. मग हळूच मान वळवणार, तोच त्या बाईचा चिकट हात माझ्या गुडघ्यावर पडला.

"बसली म्हणलं ना."

पाच वाजायला आले होते. मी वाकून, चपला हातात घेऊन, बांधाबांधानं निघाले. रस्त्यावर पोचेपर्यंत मागून एकही आवाज आला नाही.