विलायती राणीला एकच वाक्य

पडद्यावर ती विलायतेची म्हातारी नटी आली आणि मी खुर्चीत सावरून बसलो. उभा जन्म राण्या रंगवलेली बाई! तिने नुसता सुस्कारा टाकला तरी बाहेरचा पॉपकॉर्नवाला ढसाढसा रडेल. पण हा पडला सुपरहिरोचा सिनेमा. तिला एकच वाक्य दिलं, "पळ, बाळा!" आणि लगेच अंगावर इमारत पाडली. बाळ पळालं, पँटवर चड्डी घालून.

माझं डोकंच फिरलं. केस पिकले की बाईची कला काय गळून पडते? "अरे मेल्यांनो, त्या बाळाचा सुपरहिरोचा झगा हिला द्या!" मी थिएटरातच ओरडलो. ही नुसती "काय रे?" म्हणाली असती, तर खलनायकाने पृथ्वी परत केलीच असती, वर मंगळही दिला असता.

"ओरडू नकोस रे," शेजारून मालूताई म्हणाली. माझी थोरली बहीण, एके काळी नाटकं गाजवलेली. "तिला निदान मरायला तरी मिळालं. मला मालिकेत भिंतीवरचा फोटो व्हायला बोलावलंय. हार घातलेला."

"तोंडावर नाही म्हणून सांग!"

"सांगितलं की. तर म्हणाले, हरकत नाही ताई, फोटो आहे आमच्याकडे."