चपलांच्या स्टँडवर हलगी

"हे कातडं सरस्वतीपुढे नको. बाहेर ठेवून ये."

सर एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. हातात कुंकवाची वाटी होती, तीही हलली नाही.

खंडेनवमीचा दिवस. आमच्या कॉलेजच्या संगीत विभागात त्या दिवशी वाद्यांची पूजा होते. प्रत्येकाने आपापलं वाद्य आणायचं, असं सरांनीच आदल्या आठवड्यात सांगितलं होतं. मी माझं आणलं. आजोबांची हलगी. आईच्या जुन्या साडीत गुंडाळून, विक्रोळीहून मुलुंडपर्यंत बसमध्ये मांडीवर धरून. टेबलावर तानपुरा, सतार, दोन हार्मोनियम, तबल्याच्या तीन जोड्या. सगळ्यांना झेंडूचे हार. कडेला थोडी जागा होती. तिथे मी हलगी ठेवली आणि सरांचं लक्ष गेलं.

बाहेर म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. दाराबाहेर चपलांचं लोखंडी स्टँड होतं. बाकी सगळी ओली फरशी, नुकतीच पुसलेली. कोणाचे तरी सँडल बाजूला सरकवून मी हलगी स्टँडवर ठेवली. माझ्या स्वतःच्या हातांनी.

मग आत आले. आरतीला टाळ्या वाजवल्या. सरांनी पेढा दिला, तो दोन्ही हातांनी घेतला.

हे लिहिताना सगळ्यात जड जातं. बाहेर ठेव म्हणणारे सर होते. पण ठेवून येणारी मी होते.

आरती चालू असताना मी तबल्यांकडे बघत होते. त्या तिन्ही जोड्यांच्या पुड्या माझ्या बाबांनी बसवलेल्या आहेत. पुडी म्हणजे तबल्याचं तोंड, शेळीच्या कातड्याचं. बाबा वादीची, म्हणजे पुडी ताणून धरणाऱ्या चामड्याच्या पट्टीची, शेवटची गाठ आत वळवून दाबतात, टोक बाहेर दिसू देत नाहीत. ती गाठ मला लांबूनही ओळखू येते. आत हार घातलेलं कातडं आणि बाहेर चपलांवर ठेवलेलं कातडं. दोन्ही बाबांनी मढवलेली. एकाच ढिगातून काढून.

आम्ही मातंग. आजोबा सोलापूरकडून येऊन विक्रोळीच्या टेकडीवर राहिले. लग्नात, मिरवणुकीत हलगी वाजवायचे. बाबांचं घाटकोपरला एका जिन्याखाली तबला-ढोलकी दुरुस्तीचं दुकान आहे. कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली. तबल्यात पदवी करते म्हटल्यावर आईने विचारलं होतं, "म्हंजे वाजवायलाच शिकणार? मग त्याला कॉलेज कशाला गं?"

बाबा पुड्या बसवतात हे सरांना पहिल्याच वर्षी कळलं. तेव्हापासून विभागाचे तबले माझ्याच हातून जाऊ-येऊ लागले. दोन खांद्यांना दोन पिशव्या. सर वर्गात म्हणायचे, ही आहे म्हणून आपल्याला काळजी नाही. मी त्याला मान समजले. तासाला बाकीच्यांना नव्या बोलांचा कायदा वाजवायला मिळायचा आणि माझ्या हातात हातोडी यायची. डग्गा उतरलाय, जरा बघ. तबला चढलाय, जरा बघ. सगळ्यांची वाद्यं सुरात लावून होईपर्यंत अर्धा तास संपलेला असायचा. मी काय शिकले, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या वर्षी सरांनी एकदा पुढे काय करायचं याबद्दल बोलायला सगळ्यांना बसवलं. माझ्या शेजारी बसणारी रेवती, तिच्या घरी तीन पिढ्यांचं गाणं आहे. तिला परदेशातल्या कार्यशाळांची माहिती मिळाली. कोणाला रेडिओच्या ऑडिशनची, कोणाला स्टुडिओत साथ करायची, कोणाला शाळेत शिकवण्याची. माझ्यापाशी आल्यावर सर हसले.

"तुला काय चिंता? वडिलांचं दुकान आहेच की."

वर्ग हसला. मीही हसले.

शेवटच्या वर्षाला स्वतःची रचना सादर करावी लागते, दहा मिनिटांची. माझी रचना हलगीची आहे. मिरवणूक वळणावर आली की आजोबा चालू ठेका मोडून दुसऱ्यात शिरायचे. मोडताना मध्ये एक मात्रा सोडायचे. काहीच वाजायचं नाही आणि शंभर माणसांचे पाय हवेत राहायचे. ती सुटलेली मात्रा धरून मी सात मात्रांत रचना बांधली. सरांना दाखवायला गेले तर त्यांनी वहीचं पहिलंच पान पाहिलं. हलगीला शास्त्र नाही, वरातीत ठीक आहे, हेच तबल्यावर बसव मग बघू, असं म्हणाले. मी हो सर म्हणून आले.

हे सगळं खंडेनवमीच्या आधीचं. तोपर्यंत मला वाटत होतं, मीच कमी पडते.

पूजा संपल्यावर चपला घालताना रेवती म्हणाली, "अगं, मनाला लावून घेऊ नको ना. सर तसे नाहीत." मग कसे आहेत, हे मी तिला विचारायला हवं होतं. मी साडी उलगडून हलगी गुंडाळत होते.

घरी आल्यावर बाबांनी हलगी हातात घेतली. उजेडात धरली. कातड्यावर मळकट अर्धगोल उमटला होता. कुठं ठेवली होतीस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बसमध्ये घासली असेल.

"ही चपलेची टाच हाय," बाबा म्हणाले. "कातड्यावरचा डाग मला कळत न्हाई व्हय?"

ओल्या फडक्याने पुसत बसले. डाग गेल्यावरही पुसत होते.

दिवाळीनंतर विभागाचा वार्षिक कार्यक्रम. दोन दिवस आधी सरांच्या स्वतःच्या तबल्याची पुडी फाटली. त्यांनी भर वर्गात मला हाक मारली. बाहेरचे पाहुणे येतायत, उद्या संध्याकाळपर्यंत करून आण म्हणाले. मग सगळ्यांकडे बघून कौतुकाने म्हणाले, "हे काम यांच्याच हातात. आपल्याला जमायचं नाही."

मी बाबांना सांगितलं, करू नका. बाबा म्हणाले, वाद्याचा काय दोष. त्यांनी पुडी बसवली, गाठ आत दाबली, तबला सुरात लावून दिला.

दुसऱ्या दिवशी मी तो घेऊन गेले. दाराशी चपला काढल्या. तबला पिशवीतून काढला आणि स्टँडवर ठेवला. चपलांच्या मधोमध. आत जाऊन माझ्या जागेवर बसले.

"तबला कुठाय?" सरांनी विचारलं.

"बाहेर आहे सर. स्टँडवर."

"स्टँडवर?"

"कातडं आहे ना. सरस्वतीपुढे नको, असं तुम्ही म्हणाला होतात."

माझा आवाज कापत होता. सगळ्यांनी ऐकला. कापू दे.

सरांनी दाराकडे बोट केलं. "आत आण," म्हणाले.

"मी नाही आणणार, सर."

रेवती उठायला लागली. मी तिचा हात धरला. तू नको, म्हटलं.

"रचनेचे गुण माझ्या हातात आहेत, हे विसरलीस वाटतं," सर म्हणाले.

विसरले नव्हते. तीन वर्षं तेवढंच लक्षात ठेवलं होतं. म्हणूनच पेढा खाल्ला होता.

शेवटी सर स्वतः बाहेर गेले. चपलांमध्ये वाकले. तबला दोन्ही हातांनी उचलून आत आणला आणि रुमालाने पुसला. मला आनंद वगैरे झाला नाही. फक्त कळलं, की हा माणूस वाकू शकतो.

त्यानंतर माझ्याशी वर्गात कोणी फारसं बोलत नाही. हातोडी आता दुसऱ्याच्या हातात असते. तबले बेसूर लागतात. मी ऐकते आणि जागची हलत नाही. तास पूर्ण मिळतो, तेवढा शिकून घेते.

रचनेच्या अर्जात वाद्याचा एक रकाना आहे. मी त्यात हलगी लिहिलं. खाली विभागप्रमुखांची, म्हणजे सरांचीच, सही लागते. सरांनी अर्ज दोनदा परत पाठवला, मी तिसऱ्यांदा तोच दिला. सही अजून झालेली नाही. कदाचित होणारही नाही. नापास करायचं असेल तर करावं, पण ऐकून करावं.

परीक्षेच्या दिवशी मी हलगी घेऊन येणार आहे. या वेळी साडीत गुंडाळणार नाही. ती कुठे ठेवायची, हे मी कोणालाही विचारणार नाही.