शेळीच्या पायातली सळई

येळवशीचा, म्हणजे वेळा अमावस्येचा दिवस. शेतात कडब्याच्या कोपीत भज्जी-आंबिलाला हजर: सासूबाई, हे, मी, लातुरात क्लाससाठी माझ्याकडे राहणाऱ्या पोरी, पाहुणे दगडूआबा, त्यांची शेळी, आणि आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, जनावरांचे डॉक्टर.

माणसाला चेहरा असतो ही बातमी भाऊजींपर्यंत अजून पोचलेली नाही. त्यांना दिसतात ते पाय. पुतणीसाठी स्थळ बघून आले तेव्हा मुलगा कसा आहे विचारलं, तर म्हणाले, "उजवा मागचा जरा ओढतो. बाकी चांगलाय." डॉक्टर व्हायला आलेल्या पोरींनी एकदा विचारलं, "काका, तुम्ही माणसांचे डॉक्टर का नाही झालात?" "माणसाला दोनच पाय," भाऊजी म्हणाले, "धंदा निम्मा." शेळीमेंढीचा पाय मोडला की लोक खाटकाला बोलावतात, भाऊजी त्याच्या आधी पोचायला बघतात. आमच्या मागच्या पडवीत मांडी चिरून हाडाच्या पोकळीत पोलादी सळई सरकवतात, टाके घालतात आणि उशाशी बसून राहतात. गुंगीतली शेळी पाय हलवायला लागली की घरात कुणी बोलायचं नाही. पोरींचं पाठांतर ओठांतल्या ओठांत. "सपनात पळायलीय ती," भाऊजी हळूच सांगतात, "वढा ओलांडला. आता हिरवं लागलं बघा, वहिनी." मीही किराण्याची यादी बाजूला ठेवून बघत बसते, आणि पडवीच्या फरशीवर गवत हलल्यासारखं वाटतं.

आबांची शेळी याच पडवीत निजली होती. भूकंपात आबांचं घर गेलं, घरातली माणसं गेली. दगडांखालून ही तेवढी निघाली. पुढं नव्या गावात पक्की घरं उभी राहिली, तरी ती चरायला जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावरच जायची. तिथंच पाय अडकून मांडीचं हाड मोडलं. खाटीक दारात येऊन बसला, तसे आबा तिला खांद्यावर घेऊन एसटीनं आमच्याकडे आले. "डाक्टर, ही बी गेली तर म्या हाक कुणाला मारू?" भाऊजी उठले. हात धुवायला गेले.

शेळी उभी राहिली. पण हाड जुळल्यावर सळई काढावी लागते, नाहीतर ती सरकून आतून टोचते. म्हणून तर भाऊजींनी आबांना शेळीसकट येळवशीला बोलावलं होतं. जेवणं झाली, त्यांनी पिशवी उघडली. आबांनी शेळीच्या गळ्यात हात टाकला.

"नव्या घराच्या खांबात सळया घातल्या सरकारनं. काढाया आलं का कुणी?"

"आबा, घराचं येगळं असतंय."

"दगडावर इस्वास ठिवून निजलो हुतो म्या. आता लोखंड हाय तवर झोप लागती."

"सरकली तर लंगडंल ती."

"लंगडू द्या की. उभी तर ऱ्हाईल न्हवं?"

भाऊजींनी पिशवी मिटली. "पुढच्या अमावस्येला येतो," म्हणाले.

तेव्हापासून दर अमावस्येला ते पिशवी घेऊन आबांकडे जातात. शेळीची मांडी चाचपतात, सळई जागेवर आहे म्हणतात, चहा घेतात. मग दोघं ओट्यावर बसून, शेळी चरत चरत माळावर लहान होत जाते तिकडे बघत राहतात. संध्याकाळी परत आले की मी विचारते, "काढली?" ते म्हणतात, "आज नको म्हणाले."

माझ्या कामांच्या यादीत 'आबांच्या शेळीची सळई' ही तेवढी एक ओळ खोडायची राहिली आहे.