निकालाआधीच्या वड्या

इंदूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत नववीचे पेपर तपासत बसले होते. फोन सायलीचा. मावशींच्या घरी राहून शिकणाऱ्या मुलींतली ही शेवटची. "ताई, मावशी सकाळी उठल्याच नाहीत..." मला आठवली ती मुरुडची वाडी, ओटीवर सुपारी सोलत बसलेल्या मावशी आणि त्यांच्यासमोर ट्रंक घेऊन भेदरून उभी असलेली मी.

नात्याने त्या माझ्या कोणी नव्हत्या. आमचं गाव खाडीपलीकडे, दिघीच्या बाजूला. घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नाही. ओळखीतून त्यांच्या माडीवर खोली मिळाली. सुरुवातीला कॉलेजातून मी नुसते शब्द घेऊन यायचे... सेमिस्टर, इंटर्नल, क्रेडिट, रिव्हॅल्युएशन. वर्गात सगळे माना डोलवायचे, म्हणून मीही डोलवायचे. मावशी मात्र पायरीवरच अडवायच्या. "आज काय नवीन ऐकलंस? कळलं का, की नुसतीच नंदीबैलासारखी मान हलवलीस?" मग शिकवणी सुरू. "इंटर्नल म्हणजे घरातली पत, लेखी म्हणजे बाजारातली. दोन्हीकडे सांभाळायची." रीचेकिंग आणि रिव्हॅल्युएशन यांत माझा नेहमी घोळ व्हायचा. "एकात नुसती बेरीज बघतात, दुसऱ्यात उत्तर पुन्हा वाचतात. तुला शंका बेरजेची आहे की मास्तरांची, ते आधी ठरव!" त्यांनाही न कळणारा शब्द निघाला की दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन स्वतः कॉलेजच्या ऑफिसात हजर. कळल्याशिवाय तिथून हलायच्या नाहीत. माझी मात्र वर्गमैत्रिणींसमोर पंचाईत व्हायची. या बाईंना एवढी हौस कसली, असं वाटायचं.

निकालाच्या दिवशी त्या सकाळीच नारळाच्या वड्या थापायच्या, निकाल कळायच्या आधी. माझ्या पहिल्या निकालाला मी म्हटलं, "नापास झाले तर?" तर म्हणाल्या, "वड्या अभ्यासाच्या असतात गो, निकालाच्या नाहीत." आणि तो निकाल नेमका तसा लागला. अकाउंट्स राहिलं, निकालावर शेरा एटीकेटी. हा एक शब्द आमच्या शिकवणीत आलाच नव्हता. मी रडत घरी फोन केला, नापास झाले म्हणून सांगितलं आणि मावशींना काही न बोलता माडीवर जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीबोटीने बाबा आगरदांड्याच्या धक्क्यावर उतरले आणि थेट ओटीवर येऊन उभे राहिले. "ताई, पोर नापास झाली. घेऊन जातो. एक स्थळ पन आलंय."

"कोण म्हणालं नापास?" मावशींनी माझ्या हातून निकाल घेतला. "एटीकेटी आहे ही. एक विषय राहिला, तो पुन्हा द्यायचा. तोवर पुढच्या वर्गात बसता येतं."

"असं कुठं असतं व्हय?" बाबांना ती बायकी सारवासारव वाटली असावी.

मावशींनी हातातली सुपारी सुपात टाकली. "असतं, दादा. मलाही आली होती. अर्थ मला ठाऊक नव्हता, घरात कोणालाच नव्हता. नापास झाली म्हणून वडिलांनी कॉलेज सोडवलं, लग्न लावलं. पुढे बसता आलं असतं, हे मला कळलं तेव्हा माझ्या कडेवर पोर होतं."

बाबा ओटीवर टेकले, मावशींनी पुढे केलेली कालची वडी उचलून म्हणाले, "बसू दे हिला पुढं." दुपारच्या फेरीने ते एकटेच परत गेले. छत्री घेऊन ऑफिसात जाण्याची ती हौस कुठून आली होती, हे मला त्या दिवशी समजलं.

अकाउंट्स सुटलं, पदवी झाली, पुढे बी.एड.ही झालं. आज वर्गात शिरताना पुष्कळदा वाटतं, ओटीवर तेव्हा मावशी नसत्या तर मी त्याच बोटीने बाबांबरोबर परत गेले असते. हे त्यांना मी नीट कधी सांगितलं नाही. सांगायला गेले की म्हणायच्या, "पुरे, नारळ खवायला घे."

मावशींच्या मुलाने सायलीला वर्ष संपेपर्यंत तिथेच राहायला सांगितलंय. तिला सोबत म्हणून मागच्या आठवड्यात गेले. ओटीवर शुकशुकाट असेल, अशी मनाची तयारी केली होती. पायरीवरच वेलचीचा वास आला. त्या दिवशी तिचा निकाल होता. ताटात वड्या कापून तयार, आणि मोबाइल अजून बाजूला पालथा. माझ्या हातावर एक वडी ठेवून तिने तो उचलला. निकाल उघडून वाचला.

"ताई, एक विषय राहिला. एटीकेटी," ती म्हणाली, आणि दुसरी वडी तोंडात टाकली.